भावोजींचा वायू

आमच्या भावोजींना आयुष्यात कधी काळजी वाटली नाही, कधी राग आला नाही, कधी कुणाची आठवण आली नाही; त्यांना जे काही झालं तो वायू झाला. माणसाच्या मनात नऊ रस असतात म्हणे. भावोजींकडे एकच होता, आणि तो डाव्या बरगडीखाली मुक्कामाला होता. मी त्यांना पहिल्यांदा नीट पाहिलं ते ताईच्या लग्नात. मी नववीत होतो. मंगलाष्टकं चालू होती, अंतरपाटाच्या पलीकडून ताईचे हुंदके ऐकू येत होते, आणि ऐन ‘सावधान’ला नवरदेवाने हात वर करून भटजींना थांबवलं. साऱ्या मांडवाच्या काळजात धस्स झालं. आता हा काय मागतो देव जाणे, म्हणून आईने माझा दंड असा आवळला की दोन दिवस वळ राहिला. नवरदेव हळूच म्हणाले, “जरा ओवा मिळंल काय? वायू धरलाय.” ओवा आला, चावला गेला, उरलेल्या अक्षता पडल्या. भावोजींचे डोळे पाण्याने भरले होते हे मी स्वतः पाहिलं, पण ते ओव्याच्या तिखटपणाने भरले होते असं त्यांनी पुढे तीस वर्षं सर्वांना सांगितलं.

या वायूच्या जाती होत्या. फिरता, बसका, चढता आणि उलटा. मुलगा पहिल्यांदा वसतिगृहात राहायला गेला तेव्हा फिरता झाला, भावोजी रात्रभर घरात येरझाऱ्या घालत होते आणि ताईला सांगत होते, “तू झोप, याला वाट मिळाली की जाईल.” त्यांचे वडील गेले तेव्हा तीन दिवस बसका. शर्टाच्या खिशात हिंगाची डबी, पँटच्या खिशात सुंठेची पुडी, आणि पिशवीत काळं मीठ. बोईसरला कारखान्यात ते स्टोअरकीपर होते. तिथे एकदा वायुगळतीच्या सरावाचा भोंगा झाला. कुंभवलीच्या बाजूच्या फाटकाकडे सगळे कामगार पळत सुटले आणि भावोजी आपले पोटावर हात ठेवून स्टोअरच्या दारात उभे. एक पोऱ्या ओरडला, “अंकल, भागो! गैस निकला है!” भावोजी कळवळून म्हणाले, “अरे, मेरे को तो सुबह से है!” तो सराव दोनदा घ्यावा लागला, कारण पहिल्या वेळी माणसं पळायची सोडून हसत बसली.

पण थट्टा करताना एक सांगायला हवं. माझी नोकरी गेली तेव्हा घरी माणसांची रीघ लागली. कुणी उपदेश केला, कुणी ‘जे होतं ते बऱ्यासाठी’ म्हणून गेलं. भावोजी आपल्या गावाहून, माकुणसारहून, सकाळच्या एसटीने आले, माझ्या हातावर सुंठेची पुडी ठेवली, म्हणाले, “तुला चढता हाय, तोंडावरून दिसतंय,” आणि संध्याकाळपर्यंत माझ्या शेजारी खुर्ची टाकून बसून राहिले. दुसरं एक अक्षर बोलले नाहीत. त्या दिवसाइतका धीर मला पुन्हा कुणी दिला नाही.

निवृत्त होऊन ते पूर्णवेळ आपल्या चिकूच्या वाडीत रमले आणि वायूने उच्छाद मांडला. सोनोग्राफी झाली, दुर्बीण घालून झाली, रक्त तपासून झालं. शेवटी पालघरच्या डॉक्टरांनी फाइल मिटली. “काका, पोट तुमचं विशीतल्या पोरासारखं आहे. हा ताण आहे.” भावोजींचा असा अपमान कुणी केला नव्हता. दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना मला म्हणाले, “ताण? ताण यायला माणूस बोरिवलीचा लागतो. वाडीतल्या माणसाला कसला आलाय ताण? चिकूला ताण असतो का?” ताईने मात्र ते वाक्य उचलून धरलं. पालघरच्या वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये ‘ताण ओळखा, ताण सांभाळा’ असा नवशिक्यांचा वर्ग सुरू होणार होता, आठ शनिवारांचा. ताईने परस्पर नाव घातलं आणि मला फोन केला, “तू स्वतः येऊन घेऊन जा आणि तिथे बसून राहा. नाहीतर हा माणूस सफाळ्याला सोडा पिऊन परत येईल.” म्हणजे रोगी ते आणि शिक्षा मला! मी पालघरहून माकुणसारला जायचो, भावोजींना स्कूटरवर घालायचो आणि पुन्हा पालघरला यायचो. रस्ताभर मागून कुरकुर, “या वयात बिगरीत बसवलंत मला.”

वर्ग घेणाऱ्या मॅडम जेमतेम तिशीच्या असतील. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, “ताण आला की शरीरात कुठे जाणवतं?” कुणी मान म्हणालं, कुणी खांदे, एका बाईंनी जबडा दाखवला. भावोजी उभे राहिले. “मला ताण नाय. वायू हाय.” लोक हसले. मॅडम हसल्या नाहीत. मग श्वासाचा व्यायाम झाला. “पोट फुगू द्या,” मॅडम म्हणाल्या. “फुगलेलंच हाय,” भावोजी. “आता सगळं हळूहळू सोडा.” भावोजींनी डोळे उघडले, आजूबाजूला पाहिलं आणि खालच्या आवाजात म्हणाले, “मॅडम, तुमी म्हणता खरं, पण बायकामाणसं बसलीत.” त्या दिवशी सगळा वर्ग ताण सांभाळायला आला होता, तो पोट धरून घरी गेला.

दुसऱ्या कुणी त्यांना काढून टाकलं असतं, पण ती बाई हुशार. म्हणाली, “काका, वाद नको. आपण त्याला वायूच म्हणू. फक्त तो कधी येतो ते लिहीत जा. वार, वेळ, कुठे आला, आणि त्याच्या आधी काय झालं.” झालं! स्टोअरकीपरला वही दिली की त्याला स्वर्ग दोन बोटं उरतो. भावोजींनी पट्टीने रकाने आखले. ‘रविवार. सकाळी सहा चाळीस. डावी बाजू, चढता. काल रात्री वाल नाय, वांगी नाय, भात आणि सुका बोंबील.’ दोन आठवड्यांत वालाची निर्दोष मुक्तता झाली. वांग्याचीही झाली. हरभऱ्याची डाळ तेवढी संशयावरून काही दिवस घराबाहेर होती.

आता इथे थोरल्यांविषयी सांगायला हवं. थोरले म्हणजे भावोजींचे सख्खे मोठे भाऊ. वाडी एकच, मधे कुंपण, विहीर सामाईक. थोरल्यांची पाण्याची पाळी सकाळी, भावोजींची दुपारी. अकरा वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात विहिरीचं पाणी खाली गेलं आणि पाळीवरून शब्द वाढला. थोरले बोलून गेले, “तू कंपनीचा माणूस. तुला वाडीतलं काय कळतं?” बस्स. कुंपणातली जायची-यायची वाट भावोजींनी काटे लावून बंद केली आणि बोलणं बंद झालं. पुढे थोरल्यांची बायको गेली, मुलगी लग्न होऊन लांब गेली, म्हातारा एकटा राहिला, तरी बोलणं बंद. रोज सकाळी सहाला थोरल्यांची विहिरीवरची मोटर सुरू व्हायची आणि भावोजी चहाच्या कपाआडून म्हणायचे, “लावली बघा खटारी.” आम्हा सगळ्यांची खात्री होती की या आवाजानेच त्यांच्या पोटात दुखतं. भावकी म्हणजे काय, पोटदुखीच.

पाचव्या शनिवारी मॅडमनी भावोजींची वही मागितली. पानं उलटता उलटता त्या थांबल्या. “काका, हे काय लिहिलंय? ‘बुधवार. वीज हाय. मोटर नाय.’ इथेही तेच. ‘वीज हाय. मोटर नाय.’ कुठली मोटर?”

“दादाची. शेजारी.”

“ती वाजली नाही त्याच दिवशी तुमचा वायू येतो?”

“सवय झालीय ना कानाला.”

“बरं. पण वीज आहे, हे का लिहिलंत?”

“बघितलं मी, बटण दाबून.”

“का?”

भावोजींनी वही परत घेतली, आपल्याच अक्षराकडे बघत राहिले. मीही बघत होतो, आणि मला लाज वाटली, कारण दर शनिवारी शेजारी बसून मला हे दिसलं नव्हतं. मग ते म्हणाले, “वीज गेली असंल तर मोटर बंद, म्हणजे काय नाय. पण वीज असून मोटर बंद, म्हणजे… एकटाच असतो तो तिकडे. पडला-झडला तरी कोणाला कळायचं नाय.” वर्गात कुणी हसलं नाही. भावोजींनी मॅडमकडे पाहिलं. “म्हणजे हा वायू नाय?”

“तुम्हीच सांगा काका.”

“तुमी शिकलेल्या. तुमी सांगा.”

मॅडमनी फक्त ‘शेजारी जाऊन या’ एवढं घरचं काम दिलं. तर परतीच्या वाटेवर भावोजी स्कूटरवर मागे बसून माझ्याच अंगावर खेकसले, “मी नाय जाणार! मोठा तो हाय. त्याने हाक मारावी.” सहावा शनिवार गेला, सातवा गेला, घरचं काम तसंच राहिलं. ताई म्हणाली, “मरेपर्यंत अभ्यास पुरा करणार नाही हा माणूस.” मला धास्ती वेगळीच होती. थोरले सत्तरीच्या पुढे गेलेले. कधी काय होईल सांगता येत नाही, आणि झालं तर भावोजी उरलेलं आयुष्य काय तोंडाने काढतील?

आठव्या शनिवारी मी पोचलो तेव्हा भावोजी परसात उभे होते. आदल्या सकाळपासून मोटर वाजली नव्हती. वीज होती. रात्री थोरल्यांच्या ओटीवर दिवा लागलेलाही ताईने पाहिला होता, तिने दोनदा सांगितलं, पण भावोजींच्या डोक्यात ते शिरत नव्हतं. तोंड पांढरंफटक, हात पोटावर. “चला,” मी म्हटलं. “चल,” ते म्हणाले, आणि स्कूटरकडे न येता तरातरा कुंपणाकडे निघाले. अकरा वर्षांत काटे असे माजले होते की वाट म्हणून उरली नव्हती. साठी उलटलेला माणूस त्यात आडवा घुसला आणि मधोमध अडकला. शर्ट फाटला. मी मागून ढकलतोय, ताई ओरडतेय, “अहो, रस्त्याने जा की!” आणि भावोजी आतून हाका मारतायत, “दादा! ए दादा!”

थोरले ओटीवर बसले होते. धडधाकट! पुढ्यात गोणपाटावर मोटर खोलून ठेवलेली. भावाकडे त्यांनी अशी नजर टाकली, जणू काल संध्याकाळीच भेट झाली होती.

“मोटर जळली,” थोरले म्हणाले.

“मग सांगायचं नाय?” भावोजी कडाडले. हातातून रक्त येत होतं, त्याचं भान नाही.

“कोणाला सांगू? तू बोलतोस कुठे?”

“बोलत नाय म्हणून काय झालं? सांगायचं तरी!”

थोरल्यांनी धोतराच्या सोग्याने भावाच्या हाताचं रक्त पुसलं, आणि विचारलं, “च्या घेशील?”

“घेईन. बिनसाखरेची.”

“साखर कधी सोडलीस रे?” थोरल्यांनी विचारलं. “मला कोणी सांगितलं नाय.”

वर्गाचा शेवटचा दिवस आम्ही असा बुडवला. मी मॅडमना फोन करून झालेली हकिकत सांगितली. त्या म्हणाल्या, “मग त्यांचा वर्ग झालाच की.” ते आठ शनिवार आता आठवले की बरं वाटतं. केळव्याकडून येणारा खारा वारा, मागच्या सीटवरची कुरकुर, परतताना सफाळ्याला सोडा. तेव्हा मी वैतागायचो. आता कुणी म्हणालं तर मी पुन्हा बिगरीत बसायला एका पायावर तयार आहे.

दोघा भावांना पुढे चौदा महिने मिळाले. त्यातले तेरा महिने ते भांडले असतील, पण समोरासमोर, तोंड उघडून, दोन कप चहा मधे ठेवून. मग एका दुपारी जेवून आडवे झालेले थोरले उठलेच नाहीत.

दहाव्याला मी गेलो तेव्हा भावोजी थोरल्यांच्या ओटीवर एकटे बसले होते. हात छातीवर. मी शेजारी बसलो. इतक्या वर्षांची सवय, तोंडातून निघून गेलं, “वायू धरलाय का, भावोजी?”

“नाय रे,” ते म्हणाले. “दादाची आठवण येते.”

तीस वर्षांत त्यांच्या तोंडून हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं. मग ते लहान पोरासारखे हुंदके देऊन रडले. मी म्हटलं, “चौदा महिने मिळाले ना, भावोजी.”

“मिळाले,” ते म्हणाले. “पण अकरा वर्षं मी कुंपणाशी बसून ओवा खाल्ला रे.”

ते एकदा माझ्याजवळ बसले होते तसा मीही संध्याकाळपर्यंत त्यांच्याजवळ बसून राहिलो.