तात्यांच्या स्ट्रॉबेरीवरचं लिंबू

हे मी बायकोलासुद्धा पुरतं सांगितलेलं नाही. अर्धं तिला ठाऊक आहे. उरलेलं अर्धं, म्हणजे खरं वाईट ते, माझ्याच पोटात आहे. तुम्हाला का सांगतोय? माहीत नाही. तुम्ही समोर बसला आहात असं धरून बोलतो, एवढंच.

आधी हे कळू दे, की मी थापाड्या आहे. साधासुधा नाही. दिवसभर इथे परदेशात, रॅफल्स प्लेसच्या ऑफिसात दुसऱ्यांचे हिशेब काटेकोर तपासायचे, आणि संध्याकाळी एमआरटीतून, म्हणजे इथल्या मेट्रोतून, उतरलं की तोंड मोकळं सोडायचं. बुकित तिमाह भागातल्या आमच्या कॉन्डोत, म्हणजे फ्लॅटांच्या वसाहतीत, मराठी घरं मोजकीच, पण त्या प्रत्येक घराला माहीत आहे की महाबळेश्वरकडे आमचा स्ट्रॉबेरीचा मळा आहे. सुरुवातीला तो अर्ध्या एकराचा होता. मग वाढला. मग त्यात विहीर आली, विहिरीशेजारी बंगली, आणि बंगलीच्या मागे एक म्हातारा घोडा, जो स्ट्रॉबेरीशिवाय कशाला तोंड लावायचा नाही. मळा कसला — आम्ही साताऱ्यात भाड्याच्या दोन खोल्यांत वाढलो. महाबळेश्वर मी शाळेच्या सहलीत पाहिलं, तेही गाडी लागलेली असताना.

आता अशा थापेनं कुणाचं काय बिघडतं? मलाही तेच वाटायचं.

मग आमच्या खालच्या मजल्यावर तात्या आले. तिथं राहणाऱ्या मिलिंदचे वडील. आई वारल्यावर मिलिंदनं त्यांना इकडे आणलं. त्यांचं गाव पाचगणीच्या जरा अलीकडे. मला पाहिलं की त्यांचा चेहरा उजळायचा — परदेशात गाववाला भेटला म्हणून. मळा नेमका कुठे, असं विचारायचे. मी म्हणायचो, आत आहे, बरंच आत. संध्याकाळी पोहण्याच्या तलावाकाठी बसून ते मला स्ट्रॉबेरी कशी खायची ते शिकवायचे. देठासकट धुवायची, नाहीतर पाणी आत शिरून चव जाते. मग देठ काढून फोडी, वर पिठीसाखर, चिमूटभर मीठ, आणि ताट झाकून ठेवायचं. रस सुटला की साय. मी मान डोलवायचो, जणू आमचा घोडासुद्धा अशीच खायचा.

एका जानेवारीत ते वर आले, हातात तिकीट. त्यांची थोरली बहीण — आक्का — गावीच असायची. आई लवकर गेली म्हणून तिनंच त्यांना वाढवलं होतं. आता तिला दिसेनासं झालं होतं. फोनवर म्हणाली होती, "ये रे एकदा. तोंडावरनं हात फिरवू दे." हे सगळं तात्यांनी मला सांगितलं — मी ऐकलं, नीट ऐकलं, हे ध्यानात ठेवा. आणि मग ते म्हणाले, "हंगामच आहे, तर स्ट्रॉबेरीपण खाईन. आणि येताना तुझा मळा बघून येईन. घोडा आहे ना रे अजून?"

मी म्हटलं, आहे.

दुसऱ्या दिवशी मी सुपरमार्केटातून कोरियन स्ट्रॉबेरी आणल्या. त्या गोड, इतक्या गोड की तात्यांनी पहिल्या घासाला ओळखल्या असत्या. त्यातल्या बारक्या निवडल्या, दिवाळीच्या भेटीतली बांबूची टोपली काढली, पानांवर तुळशीच्या कुंडीतली चिमूटभर माती भुरभुरली. आणि लिंबू पिळलं, देठाशी सुरीनं टोचून, म्हणजे धुतल्यावरही आंबटपणा आत राहील. बायको दारात उभी राहून बघत होती. "लोक सरबतात लिंबू पिळतात," ती म्हणाली, "तू थापेवर पिळतोस." तिला वाटलं, मी म्हाताऱ्याला खूश करायला चाललोय.

हे ते तिला ठाऊक असलेलं अर्धं.

खाली जाऊन मी सांगितलं, ऑफिसातला एकजण सकाळी पुण्याहून आला, मळ्यातली टोपली घेऊन. तात्यांनी देठासकट धुतल्या, फोडी केल्या, साखर, मीठ, सगळं. ताट झाकून आम्ही वाट पाहिली. पहिली फोड तोंडात घालून त्यांनी डोळे मिटले. "हीच," म्हणाले. "कशी आंबूस आहे बघ."

तेव्हा मी बोललो. की यंदा गारपिटीनं सगळं झोडपलंय, ही टोपली तेवढी वाचली, मळ्यात पाहण्यासारखं काही उरलं नाही. की घाटातला रस्ता उखडलाय, तुमचे गुडघे हे असे. स्ट्रॉबेरी तर इथंच आली. पुढच्या वर्षी आपण दोघं जाऊ, मी स्वतः जीप करीन. आणि म्हटलं — "आक्का कुठं पळून जातीय?"

हे वाक्य माझं. दुसऱ्या कुणाचं नाही.

मिलिंदला बरंच वाटलं. वडिलांच्या छातीची त्याला काळजी होतीच. तिकीट पुढं ढकललं. आक्का आषाढात गेली.

आता इथून माझा गुंता होतो. मिलिंदनं तसंही अडवलं असतं का? तात्यांनाच प्रवास नको झाला होता का? की हे मी रचतोय — आणखी एक मजला, बंगलीवर? मी आयुष्यभर इतकं रचलंय की कुठली वीट खरी ते मलाच कळत नाही. एवढं मात्र कळतं की त्या दिवशी मला आक्का दिसत नव्हती, तिच्यापुढं बसलेले तात्याही नाहीत. मला फक्त तो नसलेला घोडा दिसत होता, आणि त्याला शोधत हिंडणारे तात्या.

आक्का गेल्यापासून त्यांनी घोड्याचं विचारलेलं नाही. एकदाही नाही. का, ते मला सांगता येत नाही.

टोपली मात्र दर हंगामात मागतात. पहिली फोड बशीत वेगळी काढून ठेवतात, आक्कासाठी. "तिच्या मातीतली आहे," म्हणतात, "पोचेल तिला." मी समोर बसलेला असतो.

परवा यंदाची टोपली भरायला घेतली. बायकोनं सुरी आणि लिंबू माझ्यापुढं ठेवलं.

मी पिळलं.