बाटलीतली वाळू

माझ्या धाकट्या बहिणीचं इस्त्रीचं दुकान होतं. इस्त्री ती करायची. मेव्हणे घड्या घालायचे आणि गिऱ्हाइकांशी गप्पा मारायचे. तिची बिडाची इस्त्री मी एकदा उचलायला गेलो आणि गुपचूप खाली ठेवली. "दादा, ती पेन्सिल नव्हे," ती म्हणाली होती.

कॅन्सरमुळे तिचा उजवा स्तन काढला, केमो सुरू झाली आणि तो हात डोक्यापर्यंत जाईना. "जाऊन करायचंय काय? विंचरायला केस कुठे आहेत?" ती म्हणायची. पण पुन्हा इस्त्री धरायची, हा एकच ध्यास होता.

इस्पितळातल्या व्यायामाच्या बाईंनी, डॉक्टरांना विचारून, तिला वजन उचलायला शिकवलं. बाटलीत थोडी वाळू. झेपली की आणखी थोडी. हात सुजला तर थांबायचं.

मेव्हण्यांना ते पटलं नाही. आजारी माणसानं पडून राहावं, हे त्यांच्या हाडीमांसी खिळलेलं. वाळू भरायचं काम त्यांच्याकडे होतं आणि बाटली होती फिनेलची, आतलं न दिसणारी. ती म्हणायची, "अहो, घाला अजून." ते मागे जाऊन उलट काढून आणायचे. तिची धाप त्यांना बघवत नव्हती.

"दादा, बघ, कापसासारखी लागते!" ती मला उचलून दाखवायची. मलाही खरंच वाटलं.

मग एका सकाळी तिनं दुकानात जाऊन इस्त्रीला हात घातला. इस्त्री जागची हलेना. तिचा चेहरा पांढराफटक पडला.

"परत आलं का हो ते दुखणं?"

तेव्हा मेव्हण्यांनी खाली मान घालून सगळं सांगितलं.

ती ओरडली नाही. "म्हणजे इतके दिवस मी रिकामी बाटली नाचवत होते," एवढंच म्हणाली.

पुन्हा पहिल्यापासून सुरुवात झाली. आता वाळू तिच्या डोळ्यांदेखत, चमच्यानं पडायची. बऱ्याच महिन्यांनी तिनं इस्त्री उचलली आणि एक रुमाल इस्त्री केला. एकच. मेव्हण्यांनी त्याची घडी कधी मोडली नाही.

त्यानंतर आजार खरोखरच परतला, यकृतात. अंथरुणावरही बाटली उशाशी असायची. एक दिवस तिला ती उचलेना.

"अहो, काढा थोडी. पण माझ्यासमोर."

मेव्हण्यांनी बाटली ताटलीत उपडी धरली. मला कुठे बघावं ते समजेना.

"बस," ती म्हणाली. "तेवढी राहू द्या."