डळमळवू नाई

वाशीमच्या स्टेशनावर गाडी उभी होती. आई माझ्या बापाला म्हणाली, “अवो, त्याले राह्य म्हना ना एकदा!” बापानं भाकरीचं गाठोडं माझ्या हातात दिलं. “जानाऱ्याले डळमळवू नाई,” एवढंच बोलला. मी नागपूरच्या गिरणीत कामाला निघालो होतो. त्यानं एक शब्द टाकला असता तर मी गाडीत चढलोच नसतो, हे आज उघड सांगतो.

आमच्या गावी, रिठदला, हा शब्द खळ्यावरचा. बाप तिवईवर, म्हणजे तीन पायांच्या उंच घोडीवर उभा राहून वाऱ्यावर ज्वारी उपणायचा आणि मी खालून तिवई धरायचो. वर माणूस असताना खालच्यानं हाक मारायची नाही, असा रिवाज. साप निघाला तरी आधी त्याला उतरू द्यायचं, मग बोंबलायचं! हाक ऐकली की माणूस खाली बघतो आणि तोल जातो. बापानं तोच रिवाज स्टेशनावर लावला. पण मी तर जमिनीवर उभा होतो, आणि हाकेचीच वाट बघत होतो.

नागपुरात हा शब्द भलत्याच तोंडांतून ऐकू येऊ लागला. संपाचं बोलणाऱ्याकडे बोट दाखवून जॉबर, म्हणजे गिरणीतला मुकादम, ओरडायचा, “हा माह्या मानसाईले डळमळवून राह्यला!” संपवाले सभेत मालकाचं आसन डळमळवायच्या गोष्टी करून टाळ्या घ्यायचे. गावी जे पाप, ते इथं कुणाची शिवी तर कुणाची शाबासकी. भोंगा, पाळी, चाळ यांत मी मुरलो, पण बापाचं वाक्य काही सुटेना. त्याला मी नको होतो, की त्यानं मला जपलं? विचारायच्या आत तो गेला.

परवा माझा थोरला पोरगा पुण्याच्या कारखान्यात कामाला निघाला. दोरीनं ट्रंक बांधून दारात उभा राहिला. मी मनाशी ठरवूनच ठेवलं होतं. म्हणालो, “नको जाऊ बापा, राह्य. मले तू पायजे.” त्यानं हातातली ट्रंक खाली ठेवली.

जिथं कुणी ‘थांब’ म्हणतं ते घर, असं मी जन्मभर धरून चाललो. गावी राहिलेल्यांनो, आता तुम्हीच सांगा, मी त्याला जपलं की डळमळवलं? पोरगा घरात आहे, जेवतो, विचारलं तर बोलतो. ट्रंकेची दोरी मात्र त्यानं अजून सोडलेली नाही, आणि सोड म्हणायला माझी जीभ रेटत नाही.