कुत्र्यांना भिणाऱ्या मॅडम

"शमीम मॅडम गेल्या..." साताऱ्याहून त्यांच्या भावजयीचा फोन आला तेव्हा मी वर्गावर निघाले होते. खडू हातातच राहिला. महिना होत आला, तरी पहाटे जाग आली की वाटतं, आत्ता दार वाजेल.

सांगलीत विश्रामबागेतल्या आमच्या कॉलेजात त्या जिमखान्याच्या मॅडम. मी कवठे महांकाळहून आलेली, हुशार म्हणून गावभर नाव. दुसऱ्या वर्षी मला काय झालं कोण जाणे! अंघोळ नको, जेवण नको, माणूस नको. हॉस्टेलच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. जगून तरी काय करायचं, एवढंच डोक्यात. डॉक्टरांनी नैराश्य म्हणून गोळ्या दिल्या, रोज व्यायाम करायलाही सांगितलं. आता जिला उठून तांब्याभर पाणी घ्यायचं जिवावर येतंय, ती कसला डोंबलाचा व्यायाम करणार!

एका पहाटे मॅडम दारात. हातात वेताची काठी. "अगं, मला चालायला जायचंय, पण कुत्र्यांची लय भीती वाटते. तू गावाकडची, धीट. येतेस का सोबत?" मी नाही म्हटलं. दुसऱ्या दिवशी परत हजर. "चल की गं, माझं चालणं बुडतंय बघ." शेवटी वैतागून चप्पल घातली. आधी नुसतं कोपऱ्यापर्यंत, मग मैदानाला फेरी, पुढं पुढं तर पळणंसुद्धा. काठी माझ्या हातात, मॅडम माझ्या आडोशाला. कुत्री आम्हाला बघून शेपट्या हलवायची. मला वाटायचं, काय माझा दरारा! "गोळ्या सोडायच्या न्हाईत हां, चालणं त्यांच्या जोडीला," एवढंच मॅडम बजावायच्या. हळूहळू भूक लागायला लागली, झोप यायला लागली... एकदा मीच आधी उठून तयार बसले, तर मॅडम नुसत्या हसल्या. जीव वाचवला बाईनं माझा, सरळच सांगते.

त्या गेल्यावर साताऱ्याला त्यांच्या भावाच्या घरी भेटायला गेले, निवृत्तीनंतर त्या तिथंच राहायच्या, तर फाटकाशी कुत्री बसलेली. भावजय त्यांना चपातीचे तुकडे घालत होत्या. म्हणाल्या, "आमच्या आपांची लेकरं ही. यांना घातल्याशिवाय चहा घ्यायच्या न्हाईत. सांगलीत असल्यापासनं हेच."

"पण त्या तर कुत्र्यांना भ्यायच्या!"

"कोण, आपा?" त्या हसल्या आणि हसता हसता रडायला लागल्या. मीही. निघताना त्यांनी कोपऱ्यातली ती काठी माझ्या हातात दिली.

मी शिकवते त्या कॉलेजातली एक मुलगी हल्ली खोलीबाहेर पडत नाही. आज पहाटे काठी घेऊन हॉस्टेलवर गेले, तिचं दार वाजवलं. "अगं, मला कुत्र्यांची लय भीती वाटते. येतेस का सोबत?"

ती नाही म्हणाली. उद्या परत जाणार आहे.