वाटीतली बेरी

आमच्या जर्मनीतल्या हॅनोव्हरच्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर "काकांना मेक्सिकोत काकू दिसल्या" असे जे फिरते आहे, ते साफ खोटे आहे. मला कोणीही दिसले नाही. चाळीस वर्षे मी यंत्रांची कंपने मोजली. जे मोजता येत नाही त्याला आयुष्यात कधी थारा दिला नाही. म्हणून जे घडले तेवढेच लिहितो — एक अक्षरही जास्त नाही.

गेल्या नोव्हेंबरच्या सुरुवातीला माझा मुलगा सुहास कंपनीच्या कामासाठी मेक्सिकोतल्या ग्वानाख्वातोला निघाला आणि मलाही बळेच घेऊन गेला. माझी पत्नी नलिनी जाऊन तेव्हा सात महिने झाले होते. डोंगरउतारावर पिवळी, जांभळी, गुलाबी घरे, गल्ल्यांवर कातरलेल्या कागदांच्या पताका, दारोदारी झेंडूचे ढीग... एवढे रंग मला सोसवत नव्हते.

आम्ही दोन्या लूपे नावाच्या बाईंच्या घरी उतरलो होतो. त्या दिवसांत तिथे घरोघरी मृतांसाठी मांडणी करतात — फोटो, मेणबत्त्या, त्यांच्या आवडीचे खाणे. बाईंनी नलिनीचा फोटो मागितला. सुहास त्यांचे स्पॅनिश मला मराठीत सांगत होता.

"बाबा, त्या म्हणतायत, आईला काय आवडायचं तेही सांगा."

"त्यांना सांग, आमच्याकडे मेलेल्यांच्या पंगती उठत नाहीत."

"मग श्राद्धाला काय होतं? तुम्ही तर तेही करू दिलं नाहीत. अहो, निदान इथे तरी!"

"मेलेलं माणूस जेवत नाही, सुहास."

बाईंनी वाद घातला नाही. मी न दिलेल्या फोटोच्या जागी त्यांनी एक रिकामी वाटी ठेवली.

सकाळी खाली आलो, तर त्या वाटीत बेरी होती. तूप कढवल्यावर भांड्याच्या तळाशी उरते तीच. खरपूस, वर साखर भुरभुरलेली. बाईंचे म्हणणे असे, की पावासाठी लोणी वितळवताना लक्ष गेले नाही, तळ करपला. टाकून देणार होत्या, पण साखर घालून त्या वाटीत ठेवावेसे वाटले. का, ते त्यांनाही सांगता येईना.

मंडळातले विद्वान म्हणतात, सुहासनेच आधी सांगितले असणार. त्याला काय ठाऊक? तो आजही आईला बासुंदी आवडायची असेच सांगतो!

डॉक्टरांनी नलिनीचे तूप पूर्ण बंद केले होते. एका दुपारी, घरात आम्ही दोघेच असताना, ती स्वयंपाकघरात उभ्या उभ्या बेरी खाताना मला सापडली. "एवढी खाऊ द्या हो," ती म्हणाली. मी तिच्या हातातली वाटी हिसकावून बिओम्युलच्या, म्हणजे ओल्या कचऱ्याच्या, डब्यात उपडी केली — भाजीच्या सालींवर. आठवड्याच्या आत ती गेली. हे मी आजवर कोणालाही सांगितले नव्हते. सुहासलाही नाही. तो हे इथेच वाचेल.

दुसऱ्या दिवशी बाईंनी मांडणी उतरवली. तिथली पद्धत अशी, की ते खाणे मग घरच्यांनी संपवायचे; त्यातली चव मृतांनी नेलेली असते म्हणे. त्यांनी ती वाटी माझ्या हातात दिली. मी एक घास घेतला... गोड नाही, करपट नाही. काहीच नाही. ओली वाळू चघळावी तसे.

"सुहास, तू बघ जरा खाऊन."

त्याने त्याच वाटीतून चमचाभर घेतली. "केवढी गोड आहे, बाबा! काय आहे हे?"

मी कॉफीचा कप पुढे ओढला.

वयोमानाने जीभ जाते, असे सांगणाऱ्यांनी एवढे ध्यानात घ्यावे, की त्यावर लगेच घेतलेली कॉफी मला व्यवस्थित कडू लागली. आजही लागते.

स्पष्टीकरण माझ्यापाशी नाही, आणि ग्रुपवरचे मला नको. मला एकच कळत नाही — त्या दिवशी नलिनीने आपला वाटा पोटभर खाल्ला, की माझ्या तोंडचा काढून घेतला?