धोंडीबांची औषधपेटी

पहिल्याच भेटीत धोंडीबांनी माझी औषधपेटी घोंगडीवर उलटी केली. मी नुकतीच डॉक्टर होऊन सांगलीहून पाटणच्या दवाखान्यात रुजू झाले होते. ते चाळीसचे दशक. त्या भागाने बाईमाणूस डॉक्टर पाहिलेला नव्हता. दुसऱ्या दिवशी कोयनेपलीकडच्या वाड्यांवर पायी जायचे होते, आणि सोबत दवाखान्याचे ड्रेसर धोंडीबा येणार होते. मूळ कुंडलचे, पन्नाशीचे. पलटणीच्या इस्पितळात त्यांनी वीस वर्षे मलमपट्ट्या केल्या होत्या.

"बाई, ह्या इतक्या बाटल्या कुनासाठी?"

"लागल्या तर असाव्यात."

"पेटी भरताना डोळ्यांम्होरं औषध आनू नये. मानूस आनावा." मग एकेक वस्तू आत ठेवत ते पुटपुटू लागले, "हे आयोडीन काटा मोडलेल्याला. कोयनेल हिवतापाच्या लेकराला. ह्या बांबूच्या कामट्या झाडावरनं पडलेल्याला." माझ्या अर्ध्या बाटल्या बाहेरच राहिल्या. कापूस आणि पट्ट्या मात्र दुप्पट झाल्या. मला राग आला होता, तरी मी पेटीचे झाकण लावले.

तिसऱ्या फेरीला आम्ही एका वाडीत शिरलो, तर समोरून चौघे जण ठकूबाई नावाच्या तिथल्या एका बाईला घोंगडीच्या झोळीतून आणत होते. गवत कापताना ती घसरून विळ्यावर पडली होती. मांडी फाटली होती, रक्त थांबत नव्हते. तिच्या सासूने मला वरपासून खालपर्यंत पाहिले. "ही पोरगी काय करनार? पाटनला न्या रं!"

पाटण दिवसभराच्या वाटेवर. तिथवर ती जगली नसती, हे मला कळत होते. पण आजवर टाके घालताना शेजारी कुणीतरी मोठे डॉक्टर असायचे. मी जमलेल्या लोकांच्या तोंडांकडे पाहू लागले.

धोंडीबांनी कापसाची जाड घडी जखमेवर दाबून धरली आणि हळूच म्हणाले, "बाई, लोकांकडं बगू नका. जखमंकडं बगा."

मी मान खाली घातली. पुढे मला काही मागावे लागले नाही. हात पुढे केला की हवी ती वस्तू हातात येई. अकरा टाके पडले. ठकूबाईने पाणी मागितले, तेव्हा मला रडू फुटले.

सासू धोंडीबांच्या पाया पडायला वाकली. ते मागे सरकले. "आवं, माजं काय पाय धरताय? मी हमाल. टाकं बाईंनी घातलं."

परतताना मी म्हणाले, "तुम्ही नसतात तर माझं काही खरं नव्हतं."

"व्हय," ते शांतपणे म्हणाले. "पर ते वाडीला कशाला सांगायचं? तुमाला हितं परत यायचं हाय."

त्यांना जाऊन आता बरीच वर्षे झाली. डोळ्यांसमोर येतात ते मात्र त्या वाडीतल्या पुढच्या फेरीचे धोंडीबा. वेशीवरच बायका पोरे कडेवर घेऊन थांबल्या होत्या. सासूने माझा हात धरून मला ओसरीवर नेले आणि ठणकावले, "रांगंनं या गं, बाई काय पळून जात न्हाईत." दुपारपर्यंत मला मान वर करायला फुरसत नव्हती. धोंडीबा समोरच्या आंब्याखाली तंबाखू मळत बसले होते. त्यांच्याकडे कुणीच फिरकले नव्हते. इतके खूश मी त्यांना पुन्हा कधी पाहिले नाही.