ईरण्णा मिस्त्रीची टोपी

काम संपलं की ईरण्णा मिस्त्री डोक्यावरची पांढरी टोपी काढून गटाराच्या पाण्याखाली धरायचा. गॅरेजमध्ये गाड्या धुतलेलं पाणी तो बांधायचा तसल्या तीन कप्प्यांच्या टाकीतून जातं. तेल आत अडतं, पाणी तेवढं बाहेर पडतं. शेवटच्या पाइपाखाली टोपी भिजवून तो पिळायचा आणि डाग नसला तर तशीच ओली डोक्यावर चढवायचा. "माझं काम माझ्याच डोक्यावर, सायब." लोक कौतुकानं बघायचे आणि माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

मी डिप्लोमावाला इंजिनिअर. तो चौथी शिकलेला, भूकंपात घर गेलं म्हणून निलंग्याकडनं लातुरात आलेला. क्लाससाठी पोरं लोटली, गल्लोगल्ली होस्टेलं उठली, आणि नळाचं काम म्हटलं की ईरण्णा. मालक माझा नकाशा हातात घेऊन माझ्याच तोंडावर विचारायचे, "मिस्त्रीला दाखवला का?" घरी वडीलही म्हणाले, "त्याच्याकडून शीक जरा." दोन दिवस मी त्यांच्याशी बोललो नाही.

शेवटी शिवराज नावाच्या गॅरेजवाल्यानं टाकीचं काम मला दिलं. मी हट्टानं ईरण्णाला बोलावलंच नाही. महिनाभरात शेजारच्या मुलींच्या होस्टेलच्या विहिरीवर तेलाचा तवंग आला. गॅरेजची नाली तिथूनच जात होती. शिवराज ईरण्णालाच घेऊन आला.

ईरण्णानं झाकण उचलून आत पाहिलं आणि मला तेव्हाच कळलं. कप्प्यांमधले पाइप मी वरच्या वर सरळ टाकले होते. तेल तरंगतं, म्हणजे आधी तेलच बाहेर जाणार. बेंड, म्हणजे वाकडा जोड, लावून पाइपाचं तोंड खाली पाण्यात बुडवायला हवं होतं, एवढी साधी गोष्ट. "चूक कुणाची?" शिवराजनं विचारलं. गावातलं माझं पुढचं सगळं काम त्या उत्तरावर होतं.

"सायबांनी बेंड बसवायला मला सांगितलं व्हतं," ईरण्णा म्हणाला. "दुसऱ्या होस्टेलाच्या कामाच्या गडबडीत माझंच यायचं राहिलं."

शिवराजनं त्याला वाटेल तसं सुनावलं. त्यानं निमूट बेंड बसवले, टोपी भिजवली, डोक्यावर घातली. निघताना मला एवढंच म्हणाला, "पाणी खालून काढायचं सायब. वरचं वरच राहू द्यायचं." आभार मानायचे सोडून मी जास्तच जळलो. निदान शिव्या तरी द्यायच्या होत्या मला.

काही वर्षांनी तो वारला तेव्हा त्याच्या घरी भेटायला गेलो. शिवराज तिथं होता. बसलेल्या लोकांना माझी ओळख करून देत म्हणाला, "आमच्या टाकीचं डोकं यांचं. मिस्त्रीच सांगायचा."

"हाव," ईरण्णाची बायको म्हणाली. "घरीबी तेच म्हणायचे. सायब लई हुशार हायती."

म्हणजे घरीसुद्धा खरं सांगितलं नव्हतं. समोर खुंटीवर टोपी होती. सगळे माझ्याकडे आदरानं बघत होते, जसं मी आयुष्यभर लोकांनी बघावं म्हणून तडफडलो. खरं सांगायला तोंड उघडलं.

"हो," मी म्हणालो, "बेंडची युक्ती माझीच."